लॉजचा उंबरठा

फ्रीमेसन लॉजचे आमंत्रण येत नाही. इच्छुकाने आपण होऊन अर्ज करायचा, अशी तिथली जुनी रीत. मग सभासदांचे गुप्त मतदान आणि पुढे तीन पायऱ्या : शिकाऊ, कारागीर, उस्ताद. धडे मात्र गवंड्याच्या हत्यारांचे! हातोडी स्वभावाचे कंगोरे झडवते, गुण्या वागणे सरळ ठेवतो आणि पाणसळ सांगते, ‘सारे एका पातळीवर!’

मुंबईत मात्र ही पाणसळ एतद्देशीयांपुरती कललेली होती. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे प्रवेश मिळेना. दीक्षेसाठी त्यांना पॅरिस गाठावे लागले. अखेर डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ साली मुंबईत एतद्देशीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज निघाले.

वाचकहो, पायऱ्या तीनच. पण खरी चढण उंबरठ्याचीच होती!