शाईचा हिशेब चौरस फुटात

बोळिंजमध्ये बहुतेक व्यवहार चौरस फुटात बोलले जातात. विरार पश्चिमेकडून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला आणि भातशेतीच्या या पट्ट्यात इमारती उभ्या राहिल्या. म्हाडाची हजारो घरांची वसाहतही इथलीच. घराचा भाव चौरस फुटात, भिंतीच्या रंगाचा भाव चौरस फुटात, चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा भावही चौरस फुटातच.

नव्या घराला नवी भिंत असते आणि तिला मोठा फोटो हवा असतो. लग्नातला जोडप्याचा, बाळाच्या बारशाचा, वारलेल्या आजी-आजोबांचा. आगाशी-नंदाखाल पट्ट्यातल्या कुपारी ख्रिस्ती घरांमध्ये चर्चमधल्या लग्नाचा. या पट्ट्यातल्या फोटो स्टुडिओचं रोजचं पोट पासपोर्ट फोटोंवर आणि पीव्हीसी ओळखपत्रांवर भरतं. मान आणि नफा मात्र या मोठ्या फोटोत आहे. तो बाहेरच्या लॅबकडून करून आणायचा की दुकानात स्वतःचं मशीन घ्यायचं, हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. मशीन घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न लगेच येतो : शाई परवडेल का?

आधी एक घोळ दूर करायला हवा. बाजारात ‘मोठं प्रिंटिंग’ म्हटलं की फ्लेक्सचं मशीन डोळ्यांसमोर येतं. त्यात सॉल्व्हंट शाई असते. ती उन्हापावसात टिकते, स्वस्त पडते आणि वीस फुटांवरून वाचायचं असतं तिथे शोभते. पण हातभर अंतरावरून पाहताना चेहऱ्याच्या कातडीवरच्या छटा तिथे तुटक दिसतात. भिंतीवरच्या फोटोसाठी पाण्यात विरघळलेली किंवा पाण्यात तरंगणारी शाई वापरणारं इंकजेट मशीन लागतं. रुंदीप्रमाणे त्याचे वर्ग ठरलेले आहेत : 13 इंच, 17 इंच, 24 इंच, 44 इंच आणि त्याहून मोठे.

या मशीनचा पूर्वज महागडा होता. गायक ग्रॅहॅम नॅशने 1991 मध्ये आपल्या छायाचित्रांसाठी छपाईशाळा काढली तेव्हा ‘आयरिस 3047’ हे मशीन वापरलं. ते सव्वा लाख डॉलरच्या आसपास किमतीचं होतं. छपाई अप्रतिम यायची, पण रंग उडायचे. रंग टिकण्याचा प्रश्न पुढे स्वस्त मशीनमध्येही आला. 2000 साली एप्सनच्या स्टायलस फोटो 870 आणि 1270 या प्रिंटरवर काढलेले काही फोटो हवेतल्या ओझोनमुळे अल्पावधीत नारिंगी पडले आणि जगभर ओरड झाली. त्यानंतर पिगमेंट शाईकडे कल वाढला. डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, तर पिगमेंटमध्ये रंगाचे घन कण असतात. चांगल्या कागदावर, काचेआड ठेवलेला पिगमेंट प्रिंट शंभर वर्षांच्या पुढे टिकावा, असे अंदाज चाचण्यांमधून निघतात. आजोबांची तसबीर छापून देणाऱ्या दुकानदाराने हा फरक गिऱ्हाइकाला सांगायलाच हवा. शाई ‘परवडते’ याचा अर्थ ती पाच वर्षांनी पिवळी पडली तरी चालेल, असा होत नाही.

आता पैशांकडे. प्रिंटरची किंमत एकदाच द्यावी लागते, शाईची रोज. उत्पादकांचा धंदाही त्यावरच उभा आहे. म्हणून कार्ट्रिजची किंमत बघण्याआधी तिच्यात किती मिलिलिटर शाई आहे ते बघावं. कॅननच्या प्रो-300 या 13 इंची मशीनच्या टाकीत 14.4 मिलिलिटर शाई असते, त्याच कंपनीच्या 17 इंची प्रो-1000 मध्ये 80. एप्सनचा 17 इंची पी800 हा 2015 साली 80 मिलिलिटरच्या कार्ट्रिजसह आला. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या पी900 मध्ये ती 50 वर आली. मशीन सुधारलं, टाकी मात्र लहान झाली. कॅननचे 24 इंची प्रो-2000 आणि 44 इंची प्रो-4000 हे 160, 330 आणि 700 मिलिलिटरच्या टाक्या घेतात, आणि टाकी मोठी तसा मिलिलिटरचा भाव उतरत जातो. छोट्या आणि सर्वांत मोठ्या टाकीत हा फरक दुपटीच्या घरात जाऊ शकतो.

फोटोला साधारण एक ते दीड मिलिलिटर शाई प्रति चौरस फूट लागते. गडद पार्श्वभूमी असेल तर जास्त, पांढरी असेल तर कमी. 16×24 इंचांचा फोटो म्हणजे 2.67 चौरस फूट. सव्वा मिलिलिटरने धरलं तर साधारण 3.3 मिलिलिटर शाई. समजा 80 मिलिलिटरची टाकी पाच हजारांना पडली, तर मिलिलिटर साडेबासष्ट रुपयांचा आणि एका फोटोची शाई दोनशे रुपयांच्या आसपास. समजा मोठ्या टाकीत मिलिलिटर तीस रुपयांना मिळाला, तर तोच फोटो शंभरात. आणि 70 मिलिलिटरची बाटली सातशेला मिळणाऱ्या टँक प्रिंटरवर मिलिलिटर दहा रुपयांचा. भाव बदलत राहतील, पण आकडेमोडीची ही रीत बदलत नाही. दुकानात मशीन बघायला जाताना चौरस फूट आणि मिलिलिटर हे दोन आकडे कागदावर लिहून न्यावेत.

टँक प्रिंटरची गोष्ट आपल्या बाजाराला जवळची आहे. कंपनीच्या कार्ट्रिज परवडेनात, म्हणून आशियातल्या दुकानदारांनी प्रिंटरच्या बाजूला बाटल्या टांगून नळ्यांनी शाई आत सोडायला सुरुवात केली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे जोड बसवून मिळत. ही वाट रोखता येणार नाही हे ओळखून एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात स्वतःचाच टाकीवाला प्रिंटर आणला. तोच घाट पुढे भारतात आला. सहा रंगांचा एल1800 हा ए3 प्लस आकाराचा प्रिंटर इथल्या कित्येक स्टुडिओंचा कणा झाला. आता त्याची जागा एल18050 ने घेतली आहे. 12×18 पर्यंतचे फोटो, ओळखपत्रं, छोटे अल्बम या कामांना त्याच्याइतकी स्वस्त शाई दुसऱ्या कुठल्या मशीनला क्वचितच मिळते. दोन मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. शाई डाय आहे आणि रुंदी 13 इंचांवर थांबते. त्याहून रुंद फोटो मागणारं गिऱ्हाईक आलं की लॅबचा रस्ता धरावाच लागतो.

म्हणूनच बोळिंजसारख्या ठिकाणी मशीन निवडताना पहिला प्रश्न महिन्याच्या कामाचा असावा. इंकजेट मशीन बंद पडून राहिलं की शाई खातं. नोझल कोरडी पडू नये म्हणून ते स्वतःहून सफाई करतं आणि ती शाई कागदावर न जाता मेंटेनन्स टँकमध्ये जाते. महिन्याला चार-पाच मोठे फोटो काढणाऱ्या दुकानात छपाईइतकीच शाई सफाईत जाऊ शकते. तिथे वर केलेला दोनशे रुपयांचा हिशेब चारशेवर जातो. पी800 मध्ये चकचकीत कागदावरून मॅट कागदावर गेलं की काळी शाई बदलावी लागे आणि प्रत्येक बदलात काही मिलिलिटर वाया जात; पी900 मध्ये दोन्ही काळ्यांना स्वतंत्र वाट दिल्याने ते थांबलं. लहान टाकीच्या तोट्यातून ही बचत वजा करायला हवी. नव्या मशीनसोबत आलेल्या शाईचा मोठा भाग पहिल्यांदा नळ्या आणि शाईचे थेंब उडवणारं हेड भरण्यातच संपतो, हेही पहिल्या महिन्याच्या खर्चात धरावं.

हेडचा प्रकारही खर्चात मोजावा लागतो. 1977 मध्ये कॅननमधल्या इचिरो एन्डो यांच्या हातून तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला लागलं, शाई उसळली, आणि त्यातून उष्णतेने थेंब उडवणारं तंत्र निघालं. असं हेड झिजतं. कॅननच्या मोठ्या मशीनमध्ये ते मालकाला स्वतः बदलता येतं. एप्सनमध्ये वीज मिळाली की वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो. ते हेड वर्षानुवर्षं चालतं, पण बिघडलं तर तंत्रज्ञ बोलवावा लागतो आणि खर्च मोठा होतो. त्यामुळे ज्या कंपनीचा तंत्रज्ञ विरार-वसईत फोन केल्यावर येतो, तिचं मशीन महाग असूनही स्वस्त पडू शकतं.

स्थानिक हवामानही विचारात घ्यायला हवं. अर्नाळ्याचा समुद्र इथून जवळ. पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा उचलल्या जातात, हेड कागदाला घासतं आणि फोटोवर काळा ओरखडा उमटतो. तो फोटो टाकायचा म्हणजे शाई आणि कागद दोन्ही गेले. कागद बंद पाकिटात ठेवणं आणि खोलीत ओल मोजणारं यंत्र लावणं हा फार थोडा खर्च आहे. त्याहून मोठा शत्रू म्हणजे छपाई चालू असताना जाणारी वीज. मशीन अर्ध्यात बंद पडलं की हेड आपल्या जागी परतत नाही, त्यावर झाकण बसत नाही, आणि वीज लांबली तर शाई नोझलमध्येच वाळते. मशीनच्या जोडीला यूपीएस घेतलाच पाहिजे. रात्री दुकान बंद करताना प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या स्विचने नव्हे. कितीतरी हेड या एका सवयीमुळे वाचतात.

कागदाचं गणित तेवढंच जड आहे. 24 इंची, 30 मीटरच्या रोलमध्ये जवळपास 197 चौरस फूट कागद येतो आणि तो सुट्या शीटपेक्षा स्वस्त पडतो. प्रो-1000 ला रोल लावण्याची सोयच नाही, पी900 ला वेगळा जोड घेऊन लावता येतो. लग्नाचे करिझ्मा अल्बम 12×36 इंचांचे असतात, त्यामुळे लांब छपाईची गरज ज्याला आहे त्याने हा तपशील आधी विचारावा. लिटरने मिळणारी डुप्लिकेट शाई मोठ्या फोटोला वापरू नये. रंगाचं प्रोफाइल जुळत नाही, वधूच्या शालूचा लाल विटकरी होतो, आणि दोनदा छापलेल्या फोटोत सगळी बचत जाते.

दिवसाला एखादा तरी मोठा फोटो असेल तर 24 इंची पिगमेंट मशीन घ्यावं. आठवड्याला दोन-तीन असतील तर 17 इंची. त्याहून कमी असतील तर टँक प्रिंटर दुकानात आणि मोठं काम लॅबकडे. बरेचजण जुनं 24 इंची मशीन स्वस्तात मिळतं म्हणून घेतात, आणि ते योग्यही ठरू शकतं. मात्र पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर नोझल चेक काढावा, मेंटेनन्स टँक किती भरलाय ते पडद्यावर बघावं, आतल्या शाईच्या मुदतीच्या तारखा वाचाव्यात आणि करड्या रंगाचा एक पूर्ण रुंदीचा पट्टा छापून घ्यावा. पट्ट्यात आडव्या रेघा आल्या तर हेडच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापून मागावा.