लोहाराच्या भात्याला न जुमानणारं पोलाद

गोंदिया जिल्ह्यात धानकापणी तोंडावर आली, की लोहाराच्या भात्यापुढे विळे येऊन पडतात. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घडवायचा, लालभडक करायचा आणि पाणी पाजायचं. मग त्यावरून कानस घसरते. त्याच भात्यात स्टेनलेसचं पातं घातलं तर ते मऊच राहतं, आणि ‘याला पाणी चढत नाही’ म्हणून बाजूला पडतं. हा त्या पोलादावर अन्याय आहे, असं मला फार वर्षांपासून वाटत आलंय.

पूर्व विदर्भाची आगीशी ओळख जुनी आहे. पेंचकाठच्या नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात सुमारे इ. स. पू. ७०० मधली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. पण स्टेनलेसचा खटला उभा राहिला तो इंग्लंडातल्या शेफिल्डला.

हॅरी ब्रेअर्ली हा भट्टीवाल्याचा मुलगा, बाराव्या वर्षी कामाला लागलेला. बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बनचं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकासाठी लावलेलं आम्ल त्याला खाईना. याच्या सुऱ्या होतील, हे त्याने तिथेच ओळखलं. शहरातल्या नामांकित सुरीवाल्यांनी नमुने नापास केले. न कापणाऱ्या सुरीचा शोधक म्हणून तो हिणवला गेला. पुढे मोझलीच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्टने हट्ट धरला, आणि ब्रेअर्ली शेजारी उभा राहिल्यावर योग्य आच सापडली. दरम्यान पेटंटवरून ब्रेअर्लीचं फर्थ कंपनीशी बिनसलं आणि १९१५ मध्ये त्याने नोकरी सोडली. माझ्या मते खरा पराभव सुरीवाल्यांचा होता. पिढ्यान्‌पिढ्यांची नजर साध्या पोलादाच्या रंगावर बसलेली. नव्या धातूला वेगळा रंग लागेल, हे त्यांना पटेना.

कारण साधं आहे. साधं पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी घेतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम कार्बनला घट्ट धरून बसतं. ती पकड सुटायला १,०००च्या वर, बहुतेक जातींना १,०४० ते १,०८० अंश लागतात, आणि तिथे काही मिनिटं मुरावं लागतं. कोळशाचा भाता तिथवर पोचतोही, पण टिकत नाही. पातळ धार करपते.

म्हणून घरी करायचं तर तापमान राखणारी विजेची छोटी भट्टी हवी. हवा लागू नये म्हणून पातं स्टेनलेसच्याच पातळ पत्र्यात, कडा दोनदा दुमडून, गुंडाळायचं. बाहेर काढलं की पाण्यात नाही, तर दोन जाड ॲल्युमिनियमच्या पाट्यांमध्ये दाबायचं; हाताला सोसवेल इतकं गार झालं की लगेच १८० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा शेकायचं. हे शेकणं टाळलं तर पातं फरशीवर पडताच तुटू शकतं. ४५० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात शेकलं तर ते ठिसूळ होतं आणि गंजायलाही लागतं.

धानाच्या विळ्याला कमानपाटाच बरा. बांधावर दगडाने धार लावता येते. लिंबू, चिंच, कैरी कापणाऱ्या सुरीला मात्र स्टेनलेसच हवं. भंगारातून पट्टी निवडताना चुंबक लावून पाहावं. ताट-वाट्यांचं १८-८ जातीचं स्टेनलेस सहसा त्याला चिकटत नाही, आणि ते कुठल्याही आचेवर कडक होत नाही. चिकटलेली प्रत्येक पट्टी सुरीच्या कामाची असतेच असं नाही. तिच्यात कार्बन पुरेसा आहे की नाही, हे एक छोटा तुकडा आधी तापवून, दाबून आणि कानस फिरवूनच कळतं.