मिरवणुकीची चाल आणि ऑटोमॅटिक गिअर

आपल्या ट्रस्टच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दारी आता बिनक्लचची मोटार आली आहे. डाव्या पायास काम नाही, हातास गिअर बदलण्याचे श्रम नाहीत. हैदराबादच्या गर्दीत हे सुख थोडे नव्हे. परंतु याच मोटारीमागे ट्रॉली जोडून मुंगीच्या पावलाने चालण्याचा प्रसंग आला म्हणजे ते सुख महागात पडण्याचा संभव असतो. असे का होते आणि काय केले असता ते टळते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या शहरात असा प्रसंग वर्षातून एकदा तरी येतोच. अनंत चतुर्दशीस बालापूरहून निघालेली मुख्य मिरवणूक चारमिनार, मोअज्जम जाही मार्केट, आबिड्स, बशीरबाग असे करीत हुसेनसागरावर येते. खैरताबादच्या गणपतीस जावे लागणारे अंतर त्या मानाने थोडे, अडीच किलोमीटरांच्या आसपास. १९५४ साली एक फुटाच्या मूर्तीने सुरू झालेला हा उत्सव २०२४ साली ७० फुटांच्या मूर्तीपर्यंत गेला. ती प्रचंड मूर्ती बहुचाकी ट्रेलरवर चढवून सकाळी निघते आणि दुपारी तलावाशी पोहोचते. एखादा धडधाकट माणूस तेवढी वाट अर्ध्या तासात चालून जाईल. (मोहरमच्या दहाव्या तारखेस बीबीचा अलम हत्तीवरून निघतो, त्याचीही चाल अशीच, पण हत्तीला क्लच नसल्यामुळे त्याचा विचार येथे नको.)

काही वर्षांपूर्वी मिरवणुकीतील लोकांना पाणी देण्यासाठी आमच्या गल्लीतील मंडळींनी पिंपांनी भरलेली एक लहान ट्रॉली शेजाऱ्यांच्या ऑटोमॅटिक मोटारीस जोडली. मी त्यांच्या शेजारी पुढे बसलो होतो. दोन तास सर्व ठीक चालले. मग एका चढावर गर्दी थांबली. शेजाऱ्यांनी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरली. थोड्याच वेळात जळका वास आला, समोरचा तांबडा दिवा लागला, आणि इंजिन गुरगुरत असतानाच गाडी हातभर मागे सरकली. ट्रॉलीमागे पेले घेतलेली लहान मुले उभी होती. कोणीतरी प्रसंगावधान राखून चाकाखाली दगड सरकवला म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तेल बोटावर घेऊन हुंगले आणि म्हणाला, “मास्टरसाब, ये तेल नै, काढा हो गया.”

काढा कसा झाला हे समजण्यास गिअरबॉक्सच्या आत डोकवावे लागते. टेबलावर विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल घ्या, दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा. एक इंजिनाला जोडा, दुसरा गिअरला. मध्ये तेलाला योग्य दिशा देणारे तिसरे पाते ठेवा, म्हणजे गाडी निघताना इंजिनाचा पीळ जवळजवळ दुप्पट होऊन मिळतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. मोटारीत तो पुष्कळ नंतर आला.

आता या रचनेतील गोम पाहा. दोन्ही पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरत असतात तोवर तेल फारसे तापत नाही. पण एक फिरतो आहे आणि दुसरा थांबलेला आहे, अशा वेळी इंजिन जी शक्ती आत घालते ती सगळी तेल घुसळण्यात जाते, आणि घुसळलेले तेल तापते. थोडा हिशेब करू. मोटार १३०० किलो आणि ट्रॉली ७०० किलो, मिळून २००० किलो. वीस फुटांस एक फूट असा साधा चढ धरला, तरी ते ओझे सुमारे १०० किलोच्या जोराने मागे ओढते. ते तोलून धरण्यासाठी इंजिनातून १० किलोवॅट शक्ती खर्ची पडते असे समजा. घरच्या न्हाणीघरातील २ किलोवॅटचे पाच गिझर एकदम लावावेत, आणि पाणी मात्र सात लिटर तेलाएवढेच असावे, असा हा प्रकार! थंड करणारी नळी मदतीस नसेल तर मिनिटाभरात ते तेल ५० अंशांनी तापेल. नळी मदतीस असते, हे खरे. पण तिच्यावरून वाहणारा वारा गाडीच्या वेगातून येतो आणि मिरवणुकीत वेग कोठून आणणार? एरवी ८० ते ९० अंशांवर सुखाने चालणारे तेल १२० अंशांच्या पुढे लवकर बिघडू लागते.

ट्रॅक्टर याच गर्दीत दिवसभर निर्वेध चालतो, याचे कारण त्याचा सर्वांत खालचा गिअर. क्लच पुरा सोडूनही तो माणसाच्या चालीपेक्षा मंद जातो. कोठे घसरण नाही, म्हणून उष्णताही नाही. ओझे ओढावयाचे आणि चालही मंद ठेवावयाची असेल तर माझ्या मते ट्रॅक्टरच बरा. मोटारीने ही हौस करू नये. कित्येक मोटारींच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर जोडू नये असे स्पष्ट छापलेले असते. ते पान आधी वाचावे.

सर्वच ऑटोमॅटिक गाड्या एका जातीच्या नसतात, हेही ध्यानात ठेवावे. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरियो गाडीत जो प्रकार आणला, त्यात तेलाचे पंखे नसून नेहमीचाच क्लच आहे. तो दाबण्यासोडण्याचे काम तेवढे यंत्र करते. अशी गाडी ब्रेकवर पुरी थांबली की क्लच सुटतो आणि तापत नाही. पण तीच चढावर ॲक्सिलरेटरने तोलून धरली, तर क्लचची प्लेट घासून जाते. दुहेरी क्लचच्या गाड्यांचेही तेच.

प्रसंग टळतच नसेल तर पुढील गाडीस चिकटून इंचाइंचाने सरकू नये. दहा-पंधरा हात जागा मोकळी होऊ द्यावी, तेवढे अंतर एका दमात जावे आणि पुन्हा ब्रेक दाबून पुरते थांबावे. मागचे लोक हॉर्न वाजवतील, वाजवू द्यावेत. गिअरच्या दांड्यावर ‘एल’ किंवा ‘१’ अशी खूण असल्यास तेथेच ठेवावे, म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात उगाच उलटसुलट होत नाही. थांबणे लांबले तर प्रथम हातब्रेक ओढावा, ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावावेत, आणि मगच दांडा न्यूट्रलमध्ये आणावा. हा क्रम बदलू नये. लहान ट्रॉलीस बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणून दगड देण्यासाठी एक जाणता माणूस बाजूने चालवावा आणि मुलांना ट्रॉलीच्या मागे उभे राहू देऊ नये, मग पाणी वाटण्यास थोडा उशीर झाला तरी चालेल.

तेल तापल्याचा दिवा लागलाच, तर गाडी बाजूस घेऊन वरीलप्रमाणे हातब्रेक व दगड लावावेत आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचे इंजिन लगेच बंद करू नये. ते मंद चालू राहिले तर पंप तेल फिरवीत राहतो आणि नळीतून ते निवते. घरी परतल्यावर मिस्त्रीकडून तेल तपासून घ्यावे. नवे तेल बहुधा तांबडे व स्वच्छ असते. ते काळपट दिसले आणि त्यास जळका वास आला, तर पुढच्या प्रवासाआधी बदलावे.