‘सत्तर टक्के ब्लॉक’ म्हणजे स्टेंट लागणारच का? आधी हे समजून घ्या

महाड : एमआयडीसीतला कामगार असो की पोलादपूरच्या वाडीतला शेतकरी, मुंबई-पनवेलला अँजिओग्राफी करून आला की घरात एकच आकडा फिरतो, ‘सत्तर टक्के ब्लॉक’. मग लगेच स्टेंटची चर्चा. पण नुसत्या टक्क्यांवर निर्णय होतोच असं नाही.

अँजिओग्राफीत हाताच्या किंवा मांडीच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन डाय सोडतात. रक्तवाहिनी कुठे अरुंद झाली ते एक्स-रेवर दिसतं. मात्र पुढे रक्त पुरेसं जातंय का, हे चित्रावरून दर वेळी कळत नाही.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने वाडीत आणणाऱ्यांना हे पटकन समजेल. पाइप एका जागी चेपला, तरी खाली पाणी नीट येत असेल तर आपण पाइप बदलत नाही. हृदयातही ब्लॉकच्या आधीचा आणि पुढचा दाब बारीक तारेने मोजता येतो. या तपासणीला एफएफआर म्हणतात. आधी दाब १०० आणि पुढे ७५ असेल तर एफएफआर ०.७५. आकडा ०.८० किंवा कमी आला तर स्टेंट किंवा बायपासचा विचार होतो. त्यापेक्षा जास्त असेल तर बहुतेक वेळा गोळ्यांवर भागतं. साधारण ४० ते ९० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये ही तपासणी उपयोगी पडते.

अमेरिका-युरोपातल्या १,००५ रुग्णांवरचा ‘फेम’ अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्र पाहून उपचार केले तिथे सरासरी २.७ स्टेंट लागले, दाब मोजून केले तिथे १.९. वर्षभरात मृत्यू, झटका किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी-बायपास हे प्रमाणही शंभरात १८ वरून १३ वर आलं.

आयव्हीयूएस आणि ओसीटी या तपासण्या वेगळ्या. त्यात रक्तवाहिनीच्या आतून चित्र घेतात. स्टेंट केवढा हवा आणि तो नीट बसला का, हे त्यातून कळतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, दम लागलाय, तर ही चर्चा करत बसू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी लवकर उघडणं हाच उपचार.

रुग्ण स्थिर असेल तर मात्र विचारा, “डॉक्टर, दाब मोजायची गरज आहे का?” किडनीचा त्रास किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा झाला तर तीच कामी येते.