विकार, विनोद आणि सहवास : ‘मंक’ या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रसंबंधांचा विचार

प्रास्ताविक

गुप्तहेरकथा आणि विनोद यांचे एकत्र नांदणे तसे अवघडच. गुप्तहेरकथेच्या केंद्रस्थानी बहुधा एक मृतदेह असतो आणि मृतदेहाच्या साक्षीने हसणे हा औचित्यभंग मानला जातो. तरीही दूरचित्रवाणीने या दोहोंचा संसार दीर्घकाळ चालविला आहे. भारतीय प्रेक्षकाला या प्रकाराची पहिली ठळक ओळख दूरदर्शनवरील ‘करमचंद’ (१९८५) या मालिकेने करून दिली. पंकज कपूर यांनी रंगविलेला, गाजर चघळत तर्क लढविणारा गुप्तहेर आणि सुश्मिता मुखर्जी यांनी साकारलेली त्याची भाबडी साहाय्यक किटी ही जोडी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या मालिकेतील गाजर हे नायकाचे ओळखचिन्ह होते आणि किटीला दटावून गप्प करणे हे तिचे पालुपद. दोन्ही गोष्टी हसविणाऱ्या होत्या, परंतु त्यांची कोणालाही काही किंमत मोजावी लागत नव्हती. गाजर वजा केले असते तरी करमचंद गुन्हा उकलू शकला असता.

‘मंक’ या अमेरिकी मालिकेचे वेगळेपण नेमके येथे आहे. यूएसए नेटवर्क या वाहिनीवर १२ जुलै २००२ रोजी सुरू झालेली ही मालिका आठ पर्वे आणि १२५ भाग पूर्ण करून ४ डिसेंबर २००९ रोजी संपली. अँडी ब्रेकमन हे तिचे जनक आणि टोनी शलूब हे नायक. शलूब यांना या भूमिकेसाठी २००३, २००५ आणि २००६ अशी तीन वेळा एमी पारितोषिके मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस दलातील एड्रियन मंक हा अन्वेषक १९९७ साली पत्नी ट्रूडीचा मोटारीतील बॉम्बस्फोटात मृत्यू झाल्यावर खचतो, नोकरी गमावतो आणि पुढे सल्लागार म्हणून त्याच दलाची कोडी सोडवू लागतो. त्याला मंत्रचळ आहे. वैद्यकीय व्यवहारात ज्याला ओसीडी म्हटले जाते तो हा विकार. जंतू, उंची, अंधार, गर्दी, दूध, असमान संख्येच्या वस्तू, भिंतीवरचे वाकडे चित्र असे जवळजवळ सारे जग त्याला भिववते. ज्या डोळ्याला चित्राचा तिरपेपणा सहन होत नाही, त्याच डोळ्याला खुन्याने केलेली लहानशी विसंगतीही टोचते. विकार आणि बुद्धी यांचे मूळ एकच ठेवल्यामुळे येथील ‘गाजर’ वजा करता येत नाही.

मग मनोविकाराने गांजलेल्या माणसाला पाहून आपण हसतो, ते कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर मंकच्या व्यक्तिरेखेत एकट्याने सापडत नाही, ते त्याच्या भोवतीच्या माणसांत शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बर्गसाँची अट

हास्याची मीमांसा करताना फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ याने १९०० साली दोन गोष्टी सांगितल्या. एक, जिवंत माणूस यंत्रासारखा ताठर वागू लागला की तो हास्यास्पद होतो. दुसरी, हसण्यासाठी भावनेला तात्पुरती भूल द्यावी लागते. करुणा जागी झाली की हास्य मावळते. पहिली गोष्ट मंकला तंतोतंत लागू पडते. पहिल्याच भागात खुनाच्या जागी बारकाईने निरीक्षण करता करता तो मध्येच थांबतो, कारण घरची शेगडी बंद केली की नाही ही शंका त्याला सोडत नाही. समोर प्रेत आणि मनात शेगडी, हे यांत्रिकतेचे नमुनेदार उदाहरण होय.

दुसरी अट मात्र ही मालिका मोडते. ट्रूडीचा मृत्यू आपल्याला प्रारंभापासून ठाऊक असतो. तिच्या उशीला त्याने जपून ठेवलेले असते. भावनेला भूल देण्याची सोयच प्रेक्षकाला ठेवलेली नाही. तरी हसू येते. ते का, याचा उलगडा मंकच्या शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीकडे पाहिल्याशिवाय होत नाही. शेगडीच्या शंकेवर वैतागणारी शरोना तेथे असते. तिचा वैताग आपल्या हसण्याला वाट करून देतो आणि वैतागूनही तिचे तेथेच थांबणे त्या हसण्यातील क्रौर्य काढून घेते. आपण मंकला हसतो तेव्हा वस्तुतः त्या दोघांच्या सहवासाला हसत असतो.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. हात धुण्याचा अतिरेक मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. कडक सोवळे पाळणारी वडीलधारी मंडळी अनेक घरांनी पाहिली आहेत. परंतु सोवळ्याला समाजाची मान्यता आणि नियमांचा आधार होता. मंकचे नियम त्याचे एकट्याचे आहेत. म्हणून ते पाळताना त्याला दुसऱ्या कोणाची तरी गरज लागते.

दोन साहाय्यिका, दोन संबोधने

ही गरज मालिकेत एका लहानशा कृतीतून दिसते. कोणाशी हस्तांदोलन झाले की मंक हात पुढे करतो आणि साहाय्यिका त्याच्या हातावर ओला पुसणा कागद ठेवते. ही कृती आरंभी समोरच्या माणसाचा अपमान म्हणून विनोदी वाटते. काही भागांनंतर तीच न बोलता होणारी देवाणघेवाण म्हणून दिसू लागते. मागावे न लागता कागद पुढे येतो, यातच सारे आले.

शरोना फ्लेमिंग (बिट्टी श्राम) ही व्यवसायाने परिचारिका, घटस्फोटित, एका मुलाची आई. ती त्याला ‘एड्रियन’ म्हणते. ती रागावते, टोमणे मारते, पगार थकला म्हणून भांडते. रुग्णाला लाडावून ठेवणे हे तिच्या व्यवसायात बसत नाही. या नात्यातला विनोद खणखणीत आहे, कारण त्यात प्रतिकार आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस तिला सोडविण्यासाठी मंकला शहराच्या भुयारी गटारात उतरावे लागते. जंतूंच्या भयाने गांजलेल्या माणसाला लेखकाने नेमके तेथेच का धाडले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसऱ्या पर्वाच्या मध्यावर श्राम मालिकेतून बाहेर पडल्या. शरोना पूर्वीच्या पतीशी पुन्हा विवाह करून न्यू जर्सीला गेली, असे कथानकात दाखविले गेले आणि जानेवारी २००५ मध्ये नॅटली टीगर (ट्रेलर हॉवर्ड) ही नवी साहाय्यिका आली. पात्रबदल ही बहुतेक मालिकांची दुखरी जागा असते. येथे मात्र त्यातून विनोदाची जातच बदलली. नॅटलीचा पती नौदलात होता आणि कोसोव्होमध्ये मृत्यू पावला. तिलाही एक मुलगी आहे. म्हणजे आता मंकच्या शेजारी परिचारिका नसून त्याच्यासारखेच वैधव्याचे दुःख सोसणारी स्त्री उभी राहिली. ती त्याला अखेरपर्यंत ‘मिस्टर मंक’ असेच संबोधते.

इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद क्रियापदात दिसत नाही. तो नावाच्या उच्चारात शोधावा लागतो. शरोनाचे ‘एड्रियन’ हे आपल्या ‘अरे’च्या जवळचे आणि नॅटलीचे ‘मिस्टर मंक’ हे ‘अहो’च्या जवळचे. वरकरणी पाहता ‘अरे’ जवळिकीचे आणि ‘अहो’ अंतराचे. परंतु नॅटलीचे ‘अहो’ जसजसे जुने होत जाते तसतशी त्यातील औपचारिकता झिजते आणि जिव्हाळा उरतो. मराठी घरांत ‘अहो’ या हाकेचा इतिहास ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. शरोनाबरोबरचा विनोद वादाचा होता, तर नॅटलीबरोबरचा समजुतीचा आहे. ती त्याच्या विक्षिप्तपणाशी झगडत नाही, त्याला वळसा घालते. या बदलाने मालिका मवाळ झाली अशी तक्रार काही प्रेक्षक करतात. ती निराधार नाही. परंतु शरोनाच्या प्रतिकाराने मंक घराबाहेर पडला आणि नॅटलीच्या समजुतीने तो बाहेर टिकला, असे मला वाटते.

भाऊ, प्रतिस्पर्धी आणि कप्तान

कप्तान लेलंड स्टॉटलमायर (टेड लेव्हिन) याचे मंकशी असलेले नाते शेरलॉक होम्सच्या कथांतील पोलीस निरीक्षकाच्या परंपरेतले आहे. अन्वेषक पोलीस नसूनही पोलिसांपेक्षा हुशार, आणि पोलीस अधिकारी काहीसा अवघडलेला. मात्र होम्सचा लेस्ट्रेड बहुधा पराभूतच दिसतो. स्टॉटलमायरला आपल्या पराभवाची सवय होत जाते आणि ती सवयच मैत्रीचे रूप घेते. त्याचा स्वतःचा विवाह मोडतो, आणि ज्या माणसाच्या पत्नीनिष्ठेला तो आजवर विकार समजत आला, त्याच्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते. त्याचा सहकारी रँडी डिशर हा मात्र बराचसा ठोकळेबाज विदूषक आहे. भरताने सांगितलेल्या सहा हास्यप्रकारांच्या भाषेत बोलायचे तर मंक आपल्याला स्मित आणि हसित यांपलीकडे क्वचित नेतो. रँडीच्या वाट्याला उपहसित आणि त्याहून खालचे प्रकार येतात. उत्तरार्धात लेखकांनी त्याला फारच बावळट केले, हे मालिकेचे उणेपण होय.

याउलट, थोड्याच भागांत दिसणारा मंकचा भाऊ ॲम्ब्रोज (जॉन टर्टुरो) हा या मालिकेचा सर्वांत समृद्ध ठेवा आहे. होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट जसा अधिक बुद्धिमान पण आपल्या चाकोरीतून न हलणारा, तसा ॲम्ब्रोज. तो घराबाहेर पाऊल टाकू शकत नाही आणि उपकरणांच्या वापराच्या माहितीपुस्तिका लिहून उपजीविका करतो. २००३ मधील त्याच्या पहिल्या भागात दोघे भाऊ एकमेकांशी अबोला धरून आहेत. ट्रूडी गेली तेव्हा भावाने साधा दूरध्वनीही केला नाही, ही मंकची जखम आहे. दोन अतिचिकित्सक माणसे एकाच खोलीत आल्यामुळे विनोदाला तोटा नाही. आणि या हास्याच्या भरातच ॲम्ब्रोजच्या मौनाचे कारण बाहेर येते. त्या दिवशी ट्रूडी त्याच्यासाठीच खोकल्याचे औषध आणायला गेली होती. त्याने दूरध्वनी केला नाही तो निष्ठुरपणामुळे नव्हे, अपराधभावामुळे. बर्गसाँने करुणा आणि हास्य यांच्यामध्ये घातलेली भिंत या प्रसंगात उरत नाही. या भूमिकेसाठी टर्टुरो यांना २००४ साली एमी पारितोषिक मिळाले.

हॅरॉल्ड क्रेनशॉ हे पात्रही असेच एक प्रतिबिंब आहे. तो मंकच्याच मानसोपचारतज्ज्ञाकडे येणारा, त्याच विकाराचा रुग्ण. डॉक्टरांचा लाडका रुग्ण कोण, यावरून दोघांत शाळकरी मुलांसारखी चुरस चालते. येथे रुग्णाला हसणारा रुग्णच असल्यामुळे निरोगी प्रेक्षकाच्या हसण्यावरचा आक्षेप आपोआप बोथट होतो. २००९ मधील समूहोपचाराच्या भागात बंदिस्त जागेचे भय असलेले हे दोघेही मोटारीच्या डिकीत कोंडले जातात आणि तेथे त्यांना एकमेकांखेरीज आधार उरत नाही. डॉ. क्रोगर यांची भूमिका करणारे स्टॅन्ली कामेल यांचे एप्रिल २००८ मध्ये निधन झाले. मालिकेने ती भूमिका दुसऱ्या नटाकडे न सोपविता क्रोगर यांचाही मृत्यू झाल्याचे दाखविले आणि डॉ. बेल (हेक्टर एलिझोंडो) हे नवे पात्र आणले. जो बदल सहन करू शकत नाही अशा नायकाच्या कथेत हा निर्णय प्रामाणिकपणाचा होता.

बरे होण्याची किंमत

मालिकेची नैतिक कसोटी तिसऱ्या पर्वातील एका भागात लागते. मंक नवे औषध घेऊ लागतो आणि भयमुक्त होतो. तो भडक कपडे घालतो, उधळ्या मुलासारखा वागतो आणि सर्वांना नकोसा होतो. त्याची निरीक्षणशक्ती लोपते आणि ट्रूडीची जवळीकही विरळ होते. तेव्हा तो औषध सोडतो. हा भाग अतिशय विनोदी आहे, पण त्यातील विचार मला पटत नाही. प्रतिभा हवी तर विकार जपला पाहिजे, ही जुनी रोमँटिक समजूत येथे पुन्हा उगाळली गेली आहे. वर्गात ही मालिका दाखविणाऱ्या अध्यापकाने या भागापाशी थांबावे. मंत्रचळावर औषध आणि वर्तनोपचार यांनी अनेकांना आराम मिळतो आणि त्यासाठी कोणाला आपली बुद्धी गहाण ठेवावी लागत नाही.

मालिकेने स्वतःच ही बाजू पुढे काही अंशी सावरली. मंकला आठ पर्वे ज्या बिल्ल्याची आस होती तो पोलिसाचा बिल्ला अखेरच्या पर्वात त्याला परत मिळतो. आणि तो मिळाल्यावर आपल्याला सल्लागाराचेच आयुष्य प्रिय होते हे उमगून तो राजीनामा देतो. बरे होणे म्हणजे पूर्वीच्या जागी परतणे नव्हे, हे त्याला कळते. शेवटच्या भागात ट्रूडीच्या खुन्याचा शोध लागतो आणि विवाहापूर्वी तिला झालेली मुलगी मॉली मंकच्या आयुष्यात येते. नाते हेच औषध, असा या शेवटाचा सूर आहे.

परंतु ८ डिसेंबर २०२३ रोजी पीकॉक या सेवेवर प्रसारित झालेल्या ‘मिस्टर मंक्स लास्ट केस’ या चित्रपटाने तो सूर पुन्हा तपासून पाहिला. कोविडच्या साथीने सारे जग मंकसारखेच हात धुऊ लागले होते. तो स्वतः मात्र घरात कोंडला गेला होता. जुनी माणसे दूर पांगली होती आणि त्याच्या मनात आयुष्य संपविण्याचा विचार घोळत होता. मॉलीच्या नियोजित वराच्या मृत्यूमागचे सत्य शोधण्यासाठी नॅटली, रँडी आणि स्टॉटलमायर पुन्हा एकत्र येतात आणि विनोदही त्यांच्यासोबतच परततो. एकट्या मंकच्या दृश्यांत हसू जवळजवळ नाही. विकार तोच, लकबी त्याच. फक्त हात पुढे केल्यावर कागद ठेवणारे कोणी तेथे नाही.