दूरचित्रवाणीचा पडदा निवडतांना

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रांत देवी बसली, कीं घरोघर दसरा-दिवाळीच्या खरेदीचे विचार सुरू होतात. त्यांत दूरचित्रवाणीचा नवा संच असला, तर एलईडी बरा कीं ओएलईडी, हा प्रश्न उभा राहतो.

नांवें सारखीं असलीं तरी तत्त्वें भिन्न आहेत. एलईडी संचांत पडद्यामागें दिवे असतात, आणि पुढील द्रवस्फटिकांचा थर त्यांचा प्रकाश अडवितो किंवा सोडतो. क्यूएलईडी हा त्यांतलाच सुधारलेला प्रकार होय. हा थर प्रकाश पूर्णपणें अडवूं शकत नाहीं. म्हणून काळोखाचें दृश्य किंचित् करडें दिसतें. ओएलईडीमध्यें प्रत्येक बिंदु स्वयंप्रकाशी असतो. तो विझला, कीं तेथें निखळ काळोख होतो. मात्र एकच स्थिर चिन्ह वारंवार दिसत राहिल्यास त्याचा पुसट ठसा उरण्याचा संभव असतो.

दुकानाच्या झगमगाटांत प्रखर पडदाच डोळ्यांत भरतो. घरची गोष्ट निराळी. ज्या खोलींत दिवसा ऊन येतें आणि बातम्यांची वाहिनी सतत चालते, तेथें एलईडीच सोयीचा. रात्रीं दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यांस ओएलईडीची जादा किंमत सार्थ वाटेल.

आतां अंतराविषयीं. ४० इंची पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदु असले, तर साधारण साडेपांच फुटांपलीकडून ते निरोगी डोळ्यांस सुटे दिसत नाहींत. आठ फुटांवर बसणाऱ्यानें तेवढ्याच पडद्यावर अधिक बारीक बिंदूंसाठीं पैसे मोजण्यांत फारसा अर्थ नाहीं. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतलें ऊन पाहावें आणि बसण्याचें अंतर मोजावें.