हद्दीवरचा माल, हद्दीवरचा दगा

तस्करीच्या कादंबरीला मुंबईची गोदीच हवी असं नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यापासून गुजरातची हद्द जवळ आहे. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली. 1949 चा दारूबंदी कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने बंदी कायम ठेवली, महाराष्ट्राने पुढे परवान्यावर विक्रीला मुभा दिली. इकडची उघड विक्रीची बाटली तिकडे चोरटा माल ठरते आणि भावही चढतो.

लेखकाने बाटलीचं लेबल नीट पाहावं. विक्री कोणत्या राज्यासाठी, हे त्यावर छापलेलं असतं. शिवाय बॅच क्रमांक. त्यावरून माल कुठून निघाला याचा माग लागतो.

दगाफटक्याचं मूळ मात्र व्यवहारातच आहे. माल पळवला, पैसे बुडवले, तरी फसलेल्याला पोलिसांत फिर्याद देता येत नाही. दिली तर आधी तोच अडकतो. मग हिशेब आपसात चुकता होतो, नाहीतर खबऱ्यामार्फत. गाडीही जप्त होऊ शकते, त्यामुळे एका टिपेवर प्रतिस्पर्ध्याचा धंदा बसतो. बाबुराव अर्नाळकरांचे ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला सीमेवरच्या या गावांची रहस्यकथा मिळायलाच हवी.